एक टोला इथला, एक तिकडचा

त्या ईस्टरच्या सकाळी पाटोळेसरांनी चर्चच्या तिन्ही घंटा वाजवल्या. त्यानंतर त्यांनी दोराला हात लावला नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

सर आणि मी दिल्लीतल्या एकाच सरकारी कार्यालयात होतो. ते अनुवाद विभागात, मी ग्रंथालयात. बरीच वर्षं आमची ओळख लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरतीच होती. मग एका दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. उंच, थोडे वाकलेले, मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मनगटाची बटणं लावलेली.

"लेलेबाई, काशाच्या धातूवर काही आहे का तुमच्याकडे?"

"तळपाय घासायची काशाची वाटी असते, ते कासं?"

"तेच. पण मला वाटी नको, घंटा हवी आहे."

मी दोन-तीन पुस्तकं काढून दिली. त्यांनी ती उभ्या उभ्या चाळली, एका पानावर थांबले आणि समाधानानं म्हणाले, "बघा, सोन्याचं नाव नाही कुठं. तांबं आणि कथील. आता हे आमच्या मंडळींना सांगायचं कसं, एवढाच प्रश्न आहे."

त्यांच्या चर्चमध्ये अशी समजूत होती की मोठ्या घंटेत सोनं आहे. इंग्रजांच्या काळात कुण्या मेमसाहेबांनी आपले दागिने वितळवून ओतायला दिले, म्हणून ती इतकी गोड वाजते. सर त्या चर्चच्या घंटांचा इतिहास लिहीत होते. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. चर्चचा इतिहास लिहिणारे आधीचे लोक इमारत, रंगीत काचा, आलेगेलेले बिशप यांच्यावर पानंच्या पानं लिहून घंटांना एका ओळीत उरकत होते, याचा त्यांना राग होता. "जी रोज हाक मारते तिला एक ओळ," ते म्हणत.

सर मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. त्यांच्या बोलण्यात 'गुड फ्रायडे' कधी आला नाही, ते 'उत्तम शुक्रवार' म्हणत. चर्चला जमणाऱ्या लोकांना ते 'मंडळी' म्हणत आणि पाद्रींना 'पाळक'. पण दिल्लीतल्या त्या चर्चमध्ये उपासना हिंदीत आणि इंग्रजीत चाले. मंडळी रांचीकडची, केरळची, पंजाबातली. सरांची ही मराठी समजणारी एकच व्यक्ती दिल्लीत होती, ती म्हणजे त्यांच्या पत्नी रूथबाई. त्यांना मूलबाळ नव्हतं. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोघंच राहत. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा रूथबाईंना जाऊन काही वर्षं झाली होती. सर माझ्याशी इतकं मराठी का बोलतात, हे मला उशिरा कळलं. त्यांच्याकडे साठून राहिलं होतं.

अनुवादकाची एक खोड त्यांच्यात पक्की होती. कोणताही शब्द पहिल्या झटक्यात ते घेत नसत. तुम्ही म्हणालात, "आज उकडतंय," की ते थोडं थांबून म्हणत, "उकडत नाही हो, कोंदटलंय. उकडायला हवेत पाणी लागतं." आम्हाला हसू यायचं. विभागातले हिंदीभाषक त्यांना 'शब्दकोश साहब' म्हणत आणि तेही ते मनावर घेत नसत. "निदान कोशात बघतात तरी लोक कधीतरी," असं म्हणून पुढच्या कागदाकडे वळत.

घंटांनाही त्यांनी नीट ऐकून शब्द दिले होते. थोरली 'घण' म्हणते, मधली 'ठण', धाकटी 'किण'. थोरली, मधली, धाकटी ही नावंही त्यांचीच. चर्चमध्ये लोक बड़ी, मंझली, छोटी म्हणत. सर तिघींबद्दल असं बोलत की त्या एका घरात दिलेल्या जावा आहेत आणि त्यांचं एकमेकींशी फारसं पटत नाही.

एका रविवारी त्यांनी मला मनोऱ्याच्या खालच्या खोलीत नेलं. दगडी, चौकोनी खोली. छतातल्या भोकांमधून तीन दोर खाली आलेले, टोकांना लोकरीचे गोंडे. सरांनी खिशातून खोबरेल तेलाची लहानशी बाटली काढून तळव्यांना लावलं, रुमालानं पुसलं. उजव्या हातात थोरलीचा दोर, डाव्या हातात मधलीचा आणि धाकटीच्या दोराचा फास उजव्या बुटात अडकवलेला. एकट्या माणसानं तिन्ही वाजवायच्या तर दुसरा मार्ग नव्हता. वाजवताना ते जोरात सायकल हाणणाऱ्या माणसासारखे दिसत. खाली सरांचा हा खटाटोप चालला होता आणि वर, बाहेर, जो काही आवाज फुटला तो या धडपडीचा आहे असं कुणाला वाटलं नसतं.

मलाही त्यांनी थोरलीचा दोर ओढून बघायला दिला. घंटा लग्नातल्या भाताच्या पातेल्याएवढी. पण ती आधी माझं ऐकेचना, आणि ऐकलं तेव्हा दोरानं मलाच वर उचललं. पुढे महिनाभर खांदा दुखत होता.

"तुम्ही आपली पुस्तकं द्या लोकांना," सर म्हणाले. "ओढायचं नसतं बाई. ती परत येते तेव्हा तिला येऊ द्यायचं असतं."

"सर, तुम्हाला हे शिकवलं कुणी?"

"सर ऑफिसात. इथं मी घंटावाला." मग दोर खुंटीला अडकवता अडकवता त्यांनी सांगितलं.

रूथबाई चर्चच्या गायकवृंदात गात. त्या गेल्या त्या दिवशी घरात माणसं जमली, जो तो काही ना काही करत होता आणि सरांना मात्र कुणी काही करू देत नव्हतं. चहाचा कपसुद्धा कुणी तरी हातातून काढून घेई. चर्चचा तेव्हाचा घंटावाला म्हातारा होता, नोकरी सोडून रांचीकडे गावी निघाला होता. त्यानं सरांना मनोऱ्यात नेलं, थोरलीचा दोर त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या हातांवर आपले हात ठेवून वाजवायला लावलं. "आपके हाथ ख़ाली थे साहब," तो नंतर म्हणाला. आपल्या बायकोची घंटा सरांनी स्वतः वाजवली. त्यानंतर म्हातारा जाईपर्यंत ते रोज संध्याकाळी ऑफिसातून परस्पर तिथं जात आणि शिकत.

त्या चर्चची एक रीत होती. घंटेच्या पोटात जो लोलक असतो, त्याला एका बाजूनं जाड चामड्याचा तुकडा बांधायचा. घंटा झुलू लागली की लोलक एका अंगाला स्वच्छ आपटतो, दुसऱ्या अंगाला चामडं मध्ये येतं. एक टोला मोकळा, एक झाकलेला. मंडळीतलं कुणी वारलं की थोरली अशी वाजे. सर सांगत, "एक टोला इथला, एक तिकडचा." उत्तम शुक्रवारी लोलकाच्या दोन्ही बाजूंना चामडं बांधायचं, म्हणजे दोन्ही टोले झाकलेले. शनिवारी संध्याकाळी शिडीनं वर चढून दोन्ही चामडी सोडायची, की ईस्टरच्या सकाळी थोरली मोकळी. आसपासच्या गल्ल्यांतल्या ज्या लोकांनी चर्चच्या दारात कधी पाऊल ठेवलं नव्हतं, त्यांनाही आवाजावरून कळे की आज कुणी गेलंय की सण आहे. समोरचा चहावाला कप धुता धुता विचारी, "कौन गया, साहब?"

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. नगरला पुतणी होती, तिनं मागची खोली रिकामी करून ठेवली होती. सर गेले नाहीत. मुनिरक्यात तिसऱ्या मजल्यावर एक खोली त्यांनी भाड्यानं घेतली. जिना इतका अरुंद की गादी दोरानं बाहेरून चढवावी लागली.

"या वयात इथं एकट्यानं कशाला राहायचं?" मी विचारलं.

"रविवारी दोर कोण ओढणार?"

हे ते सहज म्हणाले, पण दिल्लीत त्यांचं आता एवढंच उरलं होतं. ऑफिस नव्हतं, घर नव्हतं. एवढ्या मोठ्या शहरात त्यांच्यावाचून अडेल अशी एकच गोष्ट होती आणि ती मनोऱ्यात टांगलेली होती.

मुनिरक्यात शेजारच्या खोल्यांतून विद्यार्थी राहत. नाताळात सर मराठी ख्रिस्ती घरांतल्यासारखा फराळ करत आणि करंज्या मुरडायला त्या पोरापोरींना बसवत. मणिपूरची एक विद्यार्थिनी सरांपेक्षा सुबक मुरड घाली. सर तिला म्हणत, "तुम पिछले जनम में नगर की थी." ती म्हणे, "अंकल, आप लोग तो पिछला जनम मानते नहीं ना?" सर म्हणत, "करंजी के लिए मानता हूँ."

इतिहास लिहिण्यात वर्षं चालली होती. धाकटीचा शोध आधी लागला. ती मुळात चर्चची नव्हतीच, एका बंद पडलेल्या मिशन शाळेची होती. "म्हणून बघा, ती दोघींच्या आधी वाजून मोकळी होते. तिला अजून सुट्टीची घाई आहे."

मधलीचं प्रकरण अवघड होतं. तिला एक चीर होती आणि आवाज थोडा बसका. चर्चमध्ये सांगितलं जाई की एका कडक हिवाळ्यात गारठ्यानं ती तडकली. सरांना ते पटेना. वर चढून त्यांनी तिच्या कडेवरून बोटं फिरवली तर बाहेरच्या अंगाला हातोडीचे खोल वण. मग ते चर्चमधल्या सगळ्यांत जुन्या बाईंकडे, ग्रेस आंटींकडे गेले. ग्रेस आंटी एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि चर्चची स्मरणिका त्यांच्या हाताखालून जाई. त्यांचे आजोबा इमॅन्युएल एके काळी तिथले घंटावाले होते. आंटींनी बराच वेळ टाळलं आणि शेवटी सांगितलं. देश स्वतंत्र झाला तेव्हा आजोबांना दोर ओढून वाजवणं पुरेना. ते हातोडी घेऊन वर गेले आणि मधली ठोकत सुटले. ती तडकली तरी ठोकत राहिले.

मी त्या दिवशी सरांबरोबर होते. आंटींनी आम्हाला केक दिला आणि म्हणाल्या, "पाटोळे साहब, यह बात लिखिएगा मत. दादाजी की बदनामी होगी."

"लिखना तो पड़ेगा, आंटी."

"ठंड ही रहने दीजिए ना. ठंड का क्या बिगड़ता है?"

सरांनी केकचा तुकडा परत बशीत ठेवला. त्यांना वाईट वाटत होतं, पण ते हलत नव्हते. मग त्यांनी जे वाक्य लिहिलं ते आंटींना हिंदीत वाचून दाखवलं. मराठीत ते असं होतं: 'मधली घंटा हातोडीने वाजवल्यामुळे तडकली. चूक वाजवणाऱ्याची. कारण, आनंद.'

आंटींनी चष्मा काढून पुसला. "अच्छा. 'आनंद' रहेगा ना? काटेंगे तो नहीं?"

"नहीं काटूँगा."

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "चूक काढून टाकली तर माणूसच निघून जातो हो. मग काय, नुसता गारठा उरतो."

सोन्याच्या दागिन्यांची कथाही त्यांनी तशीच निकालात काढली होती. 'असे म्हणतात. तसे नाही.'

त्याच सुमारास सरोजिनी नगरची जुनी क्वार्टर्स पाडायला काढली. मीही निवृत्त होऊन गुरुग्रामला एका उंच इमारतीत राहायला गेले. महिन्यातून एखादा रविवार मेट्रोनं आणि पुढे रिक्षानं चर्चपाशी जाई, उपासना संपेपर्यंत आवारात बाकावर वाचत बसे आणि सरांबरोबर मुनिरक्याला जेवायला जाई. या काळात सरांच्या काही गोष्टी बदलल्या. त्यांनी मला सांगून टाकलं, "फोन करू नका. मेसेज टाका. लिहिलेलं राहतं." मला ते अनुवादकाला शोभणारं वाटलं. ते पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागले, आणि प्रश्न विचारेनासे झाले. समोरासमोर, शांत खोलीत बसलं की सगळं पूर्वीसारखं चाले. एकटेपणानं माणूस बोलका होतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग तो ईस्टर आला.

मी आवारात होते. बायकांच्या नव्या साड्या, लहान मुलांचे करकरणारे बूट, गाड्या लावण्यावरून चाललेली हुज्जत. घंटा सुरू झाल्या. धाकटी किणकिणली, मधली आपल्या बसक्या आवाजात मिसळली, आणि थोरली म्हणाली, घण. आणि मग दुसरा टोला आला तो भिंतीपलीकडून आल्यासारखा. पुन्हा मोकळा. पुन्हा झाकलेला.

लोक बोलायचे थांबले. माझ्या शेजारची एक बाई दुसरीला म्हणाली, "किसका हुआ?"

"आज के दिन? हे प्रभु."

कुणी फोन काढून बघू लागलं की ग्रुपवर काही आलंय का. फाटकातून चहावाल्यानं डोकं आत घालून रखवालदाराला खूण करून विचारलं. ग्रेस आंटी पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी मनोऱ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "कोई नहीं गया. अंकल एक तरफ़ का चमड़ा भूल गए." तरुण पाळक त्यांच्या जवळच होते. ते सगळ्यांकडे बघून म्हणाले, "कोई कुछ नहीं कहेगा. त्योहार है."

आत सर वाजवत होते. ईस्टरला थोरली बराच वेळ वाजते. आम्ही सगळे सणाच्या कपड्यांत उभे राहून कुणाची तरी मरणाची घंटा ऐकत होतो.

उपासना संपल्यावर सर रुमालानं हात पुसत बाहेर आले. चेहरा फुललेला. पाळकांनी त्यांना मिठी मारली. "हैप्पी ईस्टर, अंकल. बहुत बढ़िया बजाया." मग रांगच लागली. बहुत बढ़िया. मज़ा आ गया. ग्रेस आंटींनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. माझ्यापर्यंत येईपर्यंत त्यांचं समाधान झालं होतं. त्यांनी मला विचारलंच नाही.

मी रिक्षात सांगितलं. "सर, थोरलीचं एका बाजूचं चामडं राहिलं होतं."

"हो ना," ते म्हणाले. "यंदा मंडळी बरीच आली."

मी पुन्हा, जोरात सांगितलं. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. सर बाहेर बघत होते. उड्डाणपुलाखालच्या बहाव्याला अजून फुलं नाहीत, असं काही तरी म्हणाले. तेव्हा मला ते मेसेज, ते न विचारलेले प्रश्न, सगळं एकदम समजलं.

खोलीवर पोचल्यावर त्यांनी वरण-भाताचा कुकर लावला. मी त्यांच्या टेबलावरचा एक कोरा कागद घेऊन लिहिलं: 'आज थोरली दबकी वाजली. एक टोला मोकळा, एक दबका.' आणि तो त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. पेन काढलं. 'दबकी' खोडून त्यावर 'अर्धी झाकलेली' लिहिलं. मग पेन तसंच कागदावर टेकलेलं राहिलं. कुकरची शिट्टी झाली. त्यांनी मान वळवली नाही. मी उठून गॅस बंद केला.

ते म्हणाले, "आणि सगळे मला बढ़िया म्हणाले?"

मी त्यांच्यासमोर बसून सावकाश म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटू द्यावं हो, बाई. नाही तर ती चूक माझी कशी होणार?"

जेवताना त्यांनी एकेक करून सांगितलं. धाकटी सगळ्यांत आधी गेली. एका सकाळी फासात पाय हलत होता आणि वर काही नव्हतं. मग मधली. थोरली आहे असं ते धरून चालले होते. शनिवारी वर चढून त्यांनी एक चामडं सोडलं, शिडीवर गुडघा आखडला म्हणून जरा थांबले, आणि दुसरं सोडलं अशाच समजुतीत घंटा हातानं झुलवून बघितली. दर वर्षी बघत. तळव्यात थरथर आली.

"ती थरथर मी ऐकत होतो इतके दिवस," ते म्हणाले. "ते ऐकणं नव्हे."

पुतणीच्या आग्रहानं त्यांनी पुढे कानाचं यंत्रही आणलं. त्यात माणसं ऐकू येत, थोरली वाजली की भांडी कोसळल्यासारखं होई. यंत्र खणात गेलं.

पुढच्या रविवारी ते पाळकांकडे गेले आणि आपण यापुढे वाजवणार नाही असं त्यांनी सांगितलं. मी बरोबर होते. कागद-पेन माझ्या हातात होतं. पाळकांनी लिहिलं नाही, ते सरांच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बोलले. "अंकल, आप ही बजाइए, जब तक हैं. ऊपर जाकर चमड़ा हममें से कोई देख लेगा."

"नहीं, फादर. जो बुला रहा है, उसे अपनी आवाज़ तो सुनाई देनी चाहिए."

"लोगों को कोई शिकायत नहीं है."

"वही तो," सर म्हणाले.

त्यांनी एकच मागणं केलं. विजेची मोटर बसवायचं समितीत मागेच निघालं होतं, सरांचा मान राखून कुणी ते पुढे रेटलं नव्हतं. मोटर एवढ्यात बसवू नका, मी कुणाला तरी शिकवतो, असं ते म्हणाले. पाळकांनी उपासनेनंतर तशी घोषणा केली.

त्यानंतर उन्हाळाभर आणि पावसाळाभर, उपासना संपली की सर मनोऱ्याच्या खोलीत स्टुलावर बसत. दार उघडं. तीन दोर खुंटीवर. तेलाची बाटली खिडकीत. लोक जाता जाता आत डोकावत, हात हलवत, "हैप्पी संडे, अंकल," म्हणत. कुणी मुलांना दोर दाखवून फोटो काढत. मंडळी आता जवळपास राहतच नव्हती. नोएडा, द्वारका, गुरुग्राम. जेवायच्या वेळेपर्यंत घरी पोचायचं असे. गुरुग्रामच्या एका कंपनीतला तरुण दोन रविवार आला, त्याला चांगलं जमतही होतं, मग त्याची कामाची पाळी बदलली. सर मला म्हणाले, "त्याचा हात मऊ होता. ती परत येताना येऊ देत होता तिला."

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा ते स्टुलावर नव्हते. आवारात बाकावर, माझ्या जागेवर, इतिहासाचे कागद घेऊन बसले होते. मनोऱ्याचं दार बंद होतं. मोटरवाले येऊन मापं घेऊन गेले होते.

इतिहास त्यांनी पुरा केला. आधी मराठीत लिहिला, जो तिथं कुणीच वाचू शकत नव्हतं, आणि मग स्वतःच त्याचं हिंदी आणि इंग्रजी केलं. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होतं: 'त्या वर्षी पुनरुत्थानाच्या दिवशी थोरली घंटा अर्धी झाकलेली वाजली. चूक वाजवणाऱ्याची. कारण, बहिरेपण.' खाली स्वतःचं नाव.

नाताळात स्मरणिका निघाली. सरांनी पान काढलं आणि बोट ओळींवरून खाली नेलं. मधलीचं वाक्य जसंच्या तसं होतं, आनंदासकट. दागिन्यांचं होतं. शेवटचं नव्हतं. त्या जागी छापलं होतं की ज्येष्ठ सदस्य श्री. पाटोळे यांनी अनेक वर्षं प्रेमानं घंटासेवा केली.

ग्रेस आंटी समोरच होत्या. "मैंने निकाला," त्या सरांच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "आपके बारे में ऐसा कैसे छापते? सब आपको कितना मानते हैं."

सरांनी त्यांचे आभार मानले. आंटींच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यांचं मन दुखवणं त्यांना शक्य नव्हतं. रिक्षाची वाट बघताना ते मला म्हणाले, "संपादन बरं आहे. मीच तेवढा निघालो." आणि हसले. मला हसता आलं नाही.

मोटर तोवर बसली होती. तिची हातोडी घंटेवर बाहेरून पडते, त्यामुळे लोलकाचा उपयोग उरला नाही आणि चामड्याचाही.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते थंडी सरताना, मुनिरक्याच्या रस्त्यावर. मी रिक्षानं दुसऱ्याच कामाला निघाले होते. रहदारी अडली होती. पलीकडच्या कडेला ते भाजीच्या गाडीपाशी उभे होते, शर्टाच्या बाह्यांची बटणं लावलेली, मेथीची जुडी उजेडात धरून बघत होते. गाडीवाला काही सांगत होता आणि ते त्याच्या ओठांकडे पाहत होते. मी हाक मारली. ऐकू जाणार नाही हे माहीत होतं, तरी मारली. गाडीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, सरांनी नाही. तेवढ्यात रिक्षा पुढे सरकली.

काही आठवड्यांनी मणिपूरच्या विद्यार्थिनीचा मेसेज आला. नगरहून पुतणी येईपर्यंत खोलीत आम्ही दोघी बसलो होतो. दफन रूथबाईंच्या शेजारी झालं. पाळकांनी प्रार्थना हिंदीत म्हटली आणि शेवटी मराठीत दोन ओळी म्हणून बघितल्या. कुणाकडून तरी शिकून आले होते. उच्चार चुकत होते.

मी अजून कधी कधी त्या आवारात जाऊन बसते. घंटा वेळेवर वाजतात, सगळ्या दिवसांना सारख्या. दोर काढून टाकले आहेत. मनोऱ्याच्या खोलीत आता खुर्च्या ठेवतात. छताला तीन भोकं आहेत, त्यांतल्या एकातून विजेची तार जाते, दोन मोकळी आहेत.